झेंडा स्वच्छ दिसला पाहिजे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे? मागच्या पत्रात तू विचारलंस की इतके दिवस काही कळवलं नाहीस, रुसलायस का. रुसायला तोंड लागतं, ताई, आणि माझं तोंड सध्या कुणाला दाखवण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दर वाक्याला 'मग?' म्हणतेस आणि त्या 'मग?'पुढे माझी गोष्ट कधीच मला हवी तिथे संपत नाही. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो की इकडे सर्व कुशल आहे. आता जे अकुशल आहे ते सविस्तर सांगतो. चहा ठेवला असशील तर आधी गॅस बंद करून ये, कारण प्रकरण लांबणार आहे.

झालं असं, की दीड महिन्यापूर्वी माझी अक्कलदाढ ठणकायला लागली. (हो, या वयात. लोकांना अक्कल उशिरा येते, मला आलेली काढावी लागली, आणि दुसऱ्या दिवसापासूनच त्याचे परिणाम दिसू लागले.) मी दाढ काढायला गेलो त्याच दुपारी शाळेत शिक्षकांची सभा होती, आणि आमच्या शाळेत सभेचा एकच नियम आहे: जो हजर नसेल त्याची निवड एकमतानं होते. वरून परिपत्रक आलं होतं, की विद्यार्थ्यांना राष्ट्रध्वजाचा मान कसा राखावा आणि त्याची निगा कशी घ्यावी याचं महिनाभर शिक्षण द्यावं, नंतर तपासनीस येऊन पाहतील. हे काम वर्षानुवर्षं शिट्टीसरांचं, म्हणजे आमच्या कवायतीच्या शिक्षकांचं. पण त्यांनी म्हणे मोठ्या मनानं सांगितलं, की निगा हा विषय भाषेच्या शिक्षकाचा आहे. झेंडा आणि भाषा यांचा संबंध मला आजतागायत कळलेला नाही. मोठ्या बाईंनी (या आमच्या मुख्याध्यापिका, उंचीनं सगळ्या शाळेत लहान) मला बोलावून 'ध्वजप्रमुख' झाल्याबद्दल अभिनंदन केलं तेव्हा माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता. मी 'अं अं' केलं, ते होकारात धरलं गेलं. त्या बोळ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

परिपत्रक चार पानी होतं आणि त्यातलं एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. मी भाषेचा मास्तर, मला वाटलं पोरांसाठी सोपं करून सांगावं. म्हणून बसून एकवीस नियम काढले. एकवीसच्या एकवीस 'नये'वर संपणारे. ध्वज जमिनीला टेकू नये. ध्वज चुरगळू नये. ध्वज मळू नये. ध्वज इतर कपड्यांत मिसळू नये. ध्वजाला खरकटा हात लावू नये. ध्वजापुढे बोलू नये. विसाव्यापर्यंत येता येता दम संपला, तेव्हा एकविसावा 'वरील नियम विसरू नयेत' असा घालून मोकळा झालो. पोरांनी ते पाढ्यांच्या चालीवर पाठ केले आणि आठवडाभरात सगळी शाळा 'नये नये' करत नांदू लागली. ध्वजाचं काय करू नये हे आमच्या दुसरीतल्या पोरालाही झोपेत सांगता येईल. काय करावं, हे मात्र एकवीसपैकी एकाही नियमात नव्हतं. माझ्या हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता रोज येतं.

पहिलीच्या वर्गात तर माझी फजितीच झाली. मी सांगत होतो, मुलांनो, झेंड्याला मान असतो. एक चिमुरडी उठून म्हणाली, सर, मान असतो नाही, मान असते. मी म्हटलं, ती मान वेगळी आणि हा मान वेगळा. ती आपली, मग झेंड्याची मान कुठाय? मी फळ्यावर झेंडा काढून समजावलं की झेंड्याला मान नसते, आपल्याला असते, आणि आपण आपली मान ताठ ठेवली की झेंड्याला मान मिळतो. हे वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवसापासून अख्खी पहिली माना ताणून आभाळाकडे बघत मैदानात येऊ लागली आणि एकमेकांवर आपटू लागली. दोघांची नाकं सुजली. पालकांना मी काय सांगितलं ते विचारू नकोस.

पुढे सरावाचा प्रश्न आला. खऱ्या झेंड्यावर सराव करायचा नाही, असा माझाच नववा नियम. म्हणून शिक्षकांच्या खोलीतला टेबलक्लॉथ घेतला. (निळा, काठाला फुलं, मध्यभागी चहाच्या कपांचे गोल डाग.) त्याची घडी कशी घालायची, दोरीला कसा बांधायचा, वर कसा न्यायचा, वंदन कधी करायचं, सगळं त्या टेबलक्लॉथवर शिकवलं. पोरं शिकली. जरा जास्तच शिकली. सराव संपल्यावर तो परत टेबलावर अंथरला, की दारावरून जाणारी पोरं थबकून सरळ उभी राहायची आणि त्याला कडक सलाम ठोकायची. शिट्टीसरांना त्यावर चहाचा कप ठेवता येईना. एके दिवशी गणिताच्या बाईंनी चुकून त्याला हात पुसले, तर वही द्यायला आलेली दुसरीतली पोर हुंदके देऊन रडायला लागली आणि काही केल्या थांबेना. शेवटी गणिताच्या बाईंनी टेबलक्लॉथची माफी मागितली. आम्ही सगळे खूप हसलो होतो त्या दिवशी. मी तर सगळ्यात जास्त.

आता मुंगीबद्दल सांगतो, कारण पत्र खरं तिच्यासाठी लिहायला घेतलंय आणि मी मघापासून टेबलक्लॉथवर रेंगाळतोय. मुंगी सहावीत आहे. तिची आई आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, दवाखान्याच्या भिंतीला लागून, टेबल टाकून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. शाळा सुटली की ही पोर डोक्यावर स्वतःच्या दुप्पट गाठोडं घेऊन घरोघर कपडे पोचवत असते, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. बोलायला कमी. पण हातांना अशी अक्कल, की मी तोंडानं जे अर्धा तास समजावतो ते हिनं एकदा बघून केलेलं असतं. झेंडा दोरीला पक्का धरून ठेवते ती निरगाठ, आणि गुंडाळलेला झेंडा वर गेला की एका हिसक्यात उलगडते ती सुरगाठ. आमच्या पोरांच्या बांधण्यात या दोघींची नेहमी अदलाबदल. जी सुटायला हवी ती सुटेना आणि जी सुटू नये ती सुटून टेबलक्लॉथ शिट्टीसरांच्या डोक्यावर. मुंगीची गाठ एकदाही चुकली नाही. तेव्हा येत्या शुक्रवारी जो मोठा समारंभ आहे, सगळे पालक येतात तो, त्यात दोरी ओढायचा मान मी तिला दिला. नाव वाचलं तेव्हा ती नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, आईला दुकान बंद ठेवून यायला सांगू का? मी म्हटलं, सांग. दुकान म्हणजे ते टेबल, ताई.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळची शाळा सुटताना खरा झेंडा कपाटातून बाहेर काढला. तो बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात असतो, डांबराच्या गोळ्यांसकट. (आत शाळेचं जुनं ढोलकं, फाटके नकाशे आणि एका माजी मुख्याध्यापकांची छत्रीही आहे. डब्यात नव्हे, कपाटात.) झेंडा उघडला तर वर्षभराची धूळ, आणि कडेला डब्याच्या झाकणाचा तांबूस गंज उमटलेला. मी निवडलेल्या ध्वजपथकातली सहा पोरं माझ्या टेबलाभोवती गोळा झाली आणि आता काय करायचं म्हणून विचारू लागली. माझ्यापुढे निबंधाच्या बेचाळीस वह्या होत्या. 'माझे आवडते शिक्षक' हा विषय होता आणि त्यात शिट्टीसर आघाडीवर होते, त्यामुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी मान वर न करता म्हटलं, बघा तुम्ही काय ते, पण सोमवारी मला झेंडा स्वच्छ दिसला पाहिजे. हेच शब्द. मी घरी येऊन ते आठवणीनं वहीत लिहून ठेवलेत. 'सोमवारी मला झेंडा स्वच्छ दिसला पाहिजे.' व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष वाक्य आहे. पाच पोरं घरी गेली. एकीनं ते मनावर घेतलं.

सोमवारी तपासनीस आले, ठरल्याच्या चार दिवस आधी. हातात मोबाइल. आमच्या रस्त्यावर एक निवृत्त साहेब राहतात, ज्यांना निवृत्तीनंतर जगाचं नीट चाललंय की नाही हे गॅलरीतून बघण्याखेरीज काम उरलेलं नाही. त्यांनी रविवारी दुपारी एक फोटो काढून, खाली 'शाळेचा झेंडा पाहा' असं लिहून, वरपासून खालपर्यंत सगळ्यांना पाठवला होता. फोटोत एका घराची गच्ची, गच्चीवर वाळत घातलेला राष्ट्रध्वज, आणि त्याच्या बाजूला ओळीनं चार बनियन आणि एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. तपासनीस थेट प्रार्थनेलाच उभे राहिले. सगळी शाळा मैदानात, झेंडा खांबाच्या पायथ्याशी तबकात घडी करून ठेवलेला (काय सुंदर घडी होती, ताई, कडेला कड, आणि गंजाचा मागमूस नाही), आणि मुंगी त्याच्याशेजारी. त्यांनी माइक हातात घेतला, झालेला प्रकार सांगितला आणि विचारलं, की हे असं करायला मुलांना कुणी सांगितलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. शिट्टीसरांनी बघितलं. मुंगीनंही बघितलं. तिच्या बघण्यात तक्रार नव्हती, भीतीसुद्धा नव्हती. सर आता सांगतील, एवढंच होतं. वर्गात मी उत्तर फळ्यावर लिहीपर्यंत ती वाट बघते ना, तशी वाट बघत होती.

माइक माझ्या हातात आला. मी म्हणालो, मी असं काही सांगितलेलं नाही, मुलांनी आपल्या मनानं केलेलं दिसतंय.

'मुलांनी' म्हटलं, 'हिनं' नाही म्हटलं, अशी त्या दिवशी मी मनाची समजूत घातली. भाषेच्या मास्तराला अनेकवचनाचे फार उपयोग माहीत असतात. तपासनिसांनी मुंगीला विचारलं, खरं का? ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, घाबरली. मग ध्यानात आलं की तबक तिच्यापासून हातभर होतं. ध्वजापुढे बोलू नये. माझाच अठरावा नियम. ती तो पाळत होती, आणि मी ताठ मानेनं तिच्या शेजारी उभा होतो.

पुढचं झटपट झालं. पथकातून तिचं नाव कमी झालं, दोरीचा मान आठवीच्या मॉनिटरकडे गेला, तपासनिसांनी वहीत 'योग्य ती कारवाई झाली' असं लिहून चहा घेतला (टेबलक्लॉथवरच), आणि जाता जाता एकवीस नियमांबद्दल माझी पाठ थोपटली. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही वेळेवर बोललात म्हणून शाळेचं नाव राहिलं. शिट्टीसर मात्र काही बोलले नाहीत. निबंधात ते आघाडीवर का होते, ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

त्या संध्याकाळी मी मुंगीच्या आईकडे गेलो. सरळ जायचं, चूक झाली म्हणायचं आणि यायचं, एवढं ठरवलं होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बरोबर एक शर्ट घेतला. तिथे पोचलो, तिनं मान वर केली, आणि मी शर्ट पुढे करून म्हणालो, याला इस्त्री करायची होती. ती हातातलं बाजूला ठेवून माझा शर्ट घेऊन बसली. इस्त्री फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता, तिनं आपणहून सांगितलं. झेंडा आणला तो पोरीनं धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणला. तो धुवायला घरातली बादली चालेना, म्हणून शेजारणीकडून न वापरलेलं नवं घमेलं मागून आणलं. लिंबू-मीठ लावून गंज काढला. धुतलेलं पाणी मोरीत ओतू दिलं नाही, कुंडीत घातलं. झेंड्यासाठी वेगळी दोरी बांधली, इतर कपड्यांपासून चार हात लांब. (निवृत्त साहेबांच्या गॅलरीतून ते चार हात दिसत नाहीत, त्यांना तिरकं दिसतं.) आणि वारा आला तर झेंडा जाऊन त्या बनियनांना लागेल म्हणून रविवारी दुपारभर, पार वाळेपर्यंत, ती त्याचं खालचं टोक दोन बोटांत धरून उन्हात उभी होती. जेवायला बोलावलं तर म्हणाली, हात खरकटा होईल. साहेबांच्या फोटोत ती नाही. त्यांनी तेवढा भाग कापला होता, की ती मुळातच बारीक, म्हणून कुणाला दिसली नाही, ते मला माहीत नाही. एवढं सांगून तिनं शर्टाची घडी घातली आणि म्हणाली, झालं, सर. मी शर्ट घेतला आणि घरी आलो.

त्यानंतर मी पाच वेळा जाऊन आलो आहे. दर वेळी माफी मागायला जातो आणि इस्त्री करून येतो. माझे सगळे शर्ट झाले, पँटी झाल्या, तुझ्या भावजयीच्या साड्या झाल्या. तुझी भावजय आधी खूश होती, मग संशय घेऊ लागली. या वयात इतकं टापटीप राहायला लागलेल्या नवऱ्याबद्दल बायकांना जे वाटतं, ते तिला वाटू लागलं. तिला खरं सांगावं तर ती म्हणणार, मग सांगून टाका ना शाळेत, त्यात काय एवढं. बरोबर आहे तिचं. त्यात काय एवढं, हेच मला गेले नऊ दिवस समजत नाहीये. शाळेत मुंगी रोज पहिल्या बाकावर बसते. विचारलं की उत्तर देते. पूर्वी उत्तर देऊन झालं की माझ्याकडे बघायची, आता वहीकडे बघते. एवढाच फरक. दुसऱ्या कुणाला दिसणारही नाही. पण मला शिकवता येत नाही, ताई. पाठ तोच, धडा तोच, पण 'खरं' हा शब्द आला की मी पुढच्या ओळीवर जातो.

तर हे असं आहे. मी ध्वजप्रमुखपदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे, कारण प्रकृतीचं दिलंय. समारंभ शुक्रवारी आहे. तो एकदा पार पडला की सगळे विसरतील आणि हळूहळू तीही विसरेल, असं मी ठरवलं आहे. तू काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद, गुडघ्यांना तेल.

तुझा धाकटा

ता. क. एक छोटंसं काम होतं. कुणी इकडे येणारं असेल तर दाजींचे चार-पाच शर्ट पाठवशील का? चुरगळलेले असले तर उत्तम, नसले तर चुरगळून पाठव. आमच्या घरातले कपडे संपले. काल मी दिवाणखान्याचे पडदे काढून नेले. वाटलं, पडदे मोठे असतात, वेळ लागतो, तेवढ्यात बोलून होईल. झालं नाही.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. आज शाळा सुटल्यावर मुंगी पडदे घेऊन घरी आली. मी एकटाच होतो. गाठोडं खाली ठेवून म्हणाली, सर, आई म्हणाली की सरांना काही बोलायचं असलं तर नुसतं यायला सांग, कपडे नकोत. मी म्हणालो, गृहपाठ झाला का? ती म्हणाली, झाला. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मला वाटलं, आता विचारणार. तर म्हणाली, सर, मॉनिटरताईला सुरगाठ येत नाही. मी लांबून बघितलं, ती निरगाठच मारते. झेंडा वर जाऊन उघडलाच नाही तर? मी तिला मधल्या सुट्टीत शिकवू का, झेंड्याला हात न लावता, नुसत्या दोरीवर? एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हणालो, बघू.

'बघू' म्हणालो, ताई.

तिसरा ता. क. शर्ट पाठवू नकोस. राजीनामा फाडला. मोठ्या बाईंना फोन करून उद्या प्रार्थनेनंतर माइकवर पाच मिनिटं मागून घेतली आहेत. कशाला ते सांगितलेलं नाही. (त्यांना वाटतंय, मी एकविसाचे पंचवीस नियम करतोय.) पण नाकारणं मला जितकं सहज जमतं तितकं कबूल करणं जमत नाही, कधी केलेलंच नाही. तेव्हा उद्या सगळ्या शाळेपुढे तोंड उघडण्याआधी एकदा घरच्या माणसापुढे सराव करून बघतो. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, आणि बारा पानं झाली तरी हात तिकडे वळत नव्हता.

बाबा कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायचे, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी यंत्र घरी आणलं की ते तुला रोज एक ओळ टाइप करू देत, आणि ती ओळ तू भिंतीवर चिकटवायचीस. मग एक दिवस 'ळ'ची काडी मोडलेली निघाली. बाबांनी विचारलं, आणि मी म्हणालो, मी हातसुद्धा लावला नाही, ताईच बसते रोज. काडी मिळेना, तेव्हा बाबा दोन वर्षं लोकांच्या अर्जातले 'ळ' पेनानं भरत होते. तुला त्यांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत, नुसतं यंत्रावर कापड टाकून ते फळीवर ठेवायला लागले. पुढे तू टायपिंगच्या परीक्षेचं नाव काढलंस तेव्हा ते म्हणाले, एक मोडलंस तेवढं पुरे. मी शेजारी बसून जेवत होतो. तू नंतर पुन्हा ते नाव काढलं नाहीस, आणि भिंतीवरचे कागद तू कधी काढलेस ते मला आठवत नाही.

मला ताप होता म्हणून मी त्या दिवशी घरी होतो. बाबा माझ्यासाठीच औषध आणायला गेले होते. तो 'ळ' मी मोडला, ताई. तू तेव्हा शाळेतून घरीसुद्धा आली नव्हतीस.